निबंधाखालची सही

स्पर्धेचा कागद पंधरा दिवस कॉलेजच्या फळ्यावर लटकत होता, तेव्हा थोरलीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हाडांच्या शस्त्रक्रियेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी निबंध लिहायचा होता, विषय 'मला शिकवून गेलेला रुग्ण'. मग कळलं की पहिल्या येणाऱ्याला विभागप्रमुखांच्या हाताखाली सहा महिने काम करायला मिळणार, आणि थोरलीबाई खडबडून जाग्या झाल्या. त्या जागेवर वर्गातले चौदा जण टपून होते. पण त्यांच्यातल्या कुणाच्या घरी तिच्यासारखा रुग्ण नव्हता.

तिचा रुग्ण म्हणजे तिचे बाबा. इमारती रंगवणारे रंगारी. गेल्या वर्षी परांचीवरून पडले, नडगीचं हाड मोडलं. तिच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात प्लास्टर घातलं आणि आत सूज चढत गेली. प्लास्टर वेळेवर कापलं असतं तर पाय वाचला असता. तिसऱ्या दिवशी तो गुडघ्याखाली काढावा लागला.

निबंध झकास उतरला होता. फक्त एक अट आडवी आली. खऱ्या रुग्णावर लिहिलं असेल, तर त्याने सगळं वाचून 'मजकूर खरा आहे' या ओळीखाली सही करायची.

रविवारी सकाळी तिने पानं बाबांच्या हातात दिली. ते खिडकीपाशी बसून ओळीवरून बोट फिरवत वाचू लागले. मधेच "वा, डॉक्टरीणबाई!" असंही म्हणाले. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'दुपारनंतर रुग्णाने दुखत असल्याची तक्रार केली नाही, त्यामुळे धोका कुणाच्या लक्षात आला नाही.'

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "चारनंतर मी ब्रसुद्धा काढला नाही."

थोरलीने सहीसाठी पेन पुढे केलं.

"तूच म्हणालीस ना, सोसा म्हणून."

टोमणा असता तर परवडला असता. बाबा नुसतं आठवून सांगत होते.

त्या दुपारी ते गुरासारखे ओरडत होते. शेजारच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघत होती. थोड्याच वेळात विभागप्रमुख येणार होते आणि त्यांच्या मागे तिचा अख्खा वर्ग. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती वाकून बाबांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, जरा सोसा ना! मला सगळे ओळखतात इथे." बाबांनी चादरीचं टोक तोंडात कोंबलं. प्रमुखांनी "दुखतंय का फार?" असं विचारलं, तेव्हा ते टोक काढून म्हणाले, "नाही साहेब." प्लास्टरमधल्या माणसाचं दुखणं वाढतच गेलं तर आधी प्लास्टर कापा, हे थोरलीने त्याच आठवड्यात पाठ केलं होतं. पाठांतर तिचं चोख होतं, त्यात कधी खोट नव्हती.

तिने बाबांच्या हातातून ते पान ओढलं आणि टेबलाशी बसून कोऱ्या पानावर पुन्हा लिहिलं. 'रुग्ण ओरडत होता. मी त्याची मुलगी. मी त्याला गप्प बसवलं. प्रमुखांनी विचारलं, तेव्हा तो माझ्यासाठी खोटं बोलला.' ते पान तिने बाबांपुढे धरलं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"यावर मी सही करणार नाही."

"बाबा, पण हे खरं आहे."

"पाय कुणाचा होता? माझा ना? मग खरं काय ते मी सांगेन." त्यांचा आवाज चढला. "प्रमुख वाचतील हे. तुला उभं तरी करतील का तिथे?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय झालं हो ओरडायला?"

"काही नाही. पोरीने एका ठिकाणी चुकीचं लिहिलं होतं, तेवढं काढायला सांगत होतो."

त्यांनी नव्या पानाचे चार तुकडे करून खिशात घातले. जुनं पान जागेवर लावलं आणि पाटी रंगवावी तशी सावकाश, गोल अक्षरात सही केली.

थोरलीला रडू फुटलं. ते रडू खरंच होतं. पण त्याच्या आधी, सही झालेली पाहताच, क्षणभर तिला हायसं वाटलं होतं. बाबा तेव्हा तिच्याच तोंडाकडे बघत होते.