पितळेला चिकटलेला लोहचुंबक

बंदुकांचा ट्रक बर्फात अडकल्याची बातमी सकाळी दहाला आली. खिंड बंद होती. दुपारी चारनंतर ओढ्यावर उजेड राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी सिनेमावाल्यांचा सगळा तांडा इथून हलणार होता.

"मग धनुष्यबाण द्या त्यांना," दिग्दर्शक वॉकीटॉकीवर म्हणाला. "इंडियन म्हटलं की लोकांना बाणच लागतात."

'त्यांना' म्हणजे आम्हाला, अमेरिकेच्या मूळ रहिवासी शायेन लोकांना. १८७६ सालची, अमेरिकी घोडदळाशी आमच्याच ओढ्यावर झालेली एक छोटी लढाई तो चित्रित करत होता. मी त्याच्या शस्त्रविभागात मदतनीस होते. त्याआधी धातुशास्त्राच्या पदवीसाठी मी याच ओढ्याकाठची, वणव्यानंतर उघडी पडलेली एकतीस रिकामी काडतुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. ती सापडली आमचे लोक जिथे दबा धरून होते तिथे. प्रत्येकाच्या बुडाच्या कडेवर समोरासमोर दोन ठोके होते. असे ठोके हेन्री बंदूक मारते, नाहीतर तिच्या घराण्यातली एखादी. खालची कडी ओढायची की पुढची गोळी तयार. न थांबता पंधरा-सोळा गोळ्या. घोडदळाकडच्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी बसायची. त्या दिवशी बाण होतेच, पण चांगल्या बंदुकाही आमच्याकडे होत्या.

हे सगळं मी हॉब्जला सांगितलं. हॉब्ज आमच्या विभागाचा प्रमुख.

"पटतंय, नोरीन. पण कागदातून धूर निघत नाही," तो म्हणाला. "चारच्या आत धूर काढणारी एक हेन्री आण. नुसते हात आणि बंदूक, एवढा एक शॉट मी भांडून मिळवतो."

मी एल्मोर आजोबांना फोन केला. ते माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या घरात भिंतीवर, हरणाच्या कातड्याच्या पिशवीत, त्यांच्या पणजोबांची हेन्री होती. त्याच लढाईतली. पिशवीच्या तोंडातून पिवळा पत्रा तेवढा चमकायचा. हात लावायची आम्हा पोरांना परवानगी नव्हती.

ते दीड वाजता आले. पाय सुजलेले, गाडीतून उतरतानाच धाप लागलेली.

"आजोबा, आज तुमचं डायलिसिस ना?"

"आज माझी बंदूक आहे," ते म्हणाले. "माझा बाप प्रत्येक सिनेमात बाण धरून मरायचा. आता मरायच्या आधी मला ही पडद्यावर बघायचीय."

हॉब्जने मान हलवली. "खरी असेल तर उडवता येणार नाही, साहेब. दीडशे वर्षांची नळी तोंडावर फुटेल. शिवाय त्या मापाची काडतुसं आता कुणी बनवत नाही."

"म्हणजे खोटी असती तर चालली असती?"

"चालली असती."

"घ्या! तुम्हा लोकांना खरं पचतच नाही."

नळी कितपत टिकली आहे ते बघते, म्हणून मी बंदूक टेबलावर घेतली. पिशवी काढली आणि माझे हात थांबले. उजव्या कुशीत काडतुसं भरायची झडप होती. हेन्रीला ती नसते. हेन्रीच्या नळीखाली लांब चीर असते, ती इथे नव्हती. मी खिशातला लोहचुंबक काढला आणि पिवळ्या पत्र्याला लावला.

टक्.

खऱ्या हेन्रीचा पत्रा पितळेचा असतो आणि पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडली, तर आत भाड्याने बंदुका देणाऱ्या दुकानाचा शिक्का, आकडा २१३. पुढचं लाकूड काढून आणि पोलादाला पिवळा रंग देऊन हेन्री म्हणून खपवलेली, जुन्या सिनेमांतली बंदूक होती ती. नळी ठणठणीत होती. आमची बिनगोळीची, नुसत्या दारूची काडतुसं तिच्यात नेमकी बसली.

पावणेतीन वाजले होते. 'खरी आहे' म्हटलं असतं, तर ती परत भिंतीवर गेली असती आणि पडद्यावर बाण आले असते. आजोबा खुर्चीतून माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"बोल ना गं. फुटेल का?"

मी लोहचुंबक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पत्र्याला लावला, ओढून काढला, दुसरीकडे लावला. तिसरीकडे लावला.

"बाबा ॲरिझोनात जायचे, सिनेमाच्या कामाला," ते म्हणाले. "हातात धनुष्य देऊन एका दिवसात अकरा वेळा घोड्यावरून पाडलं त्यांना. खांद्याचं हाड मोडून घरी आले. मी सहा वर्षांचा होतो."

"त्याआधी भिंतीवर ही होती?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग डोळे मिटले.

"चोरली. माझ्या बापाने बंदूक चोरली आणि मला पणजोबा दिला."

हॉब्ज घड्याळाकडे बघत होता.

"ही उडते?" आजोबांनी विचारलं.

"उडते. खोटी आहे म्हणूनच."

"मग हात माझे घ्या."

हॉब्जने आधी स्वतः झाडून बघितली. साडेतीनला सुरुवात झाली. दर वेळी बारा फैरी. पहिल्यांदा धूर वाऱ्याने उडाला, दुसऱ्यांदा बाहीचं आजच्या काळातलं बटण दिसलं. नळीखाली लाकूड नसल्यामुळे डावा हात थेट पोलादावर. चौथ्या वेळेला मी नळीजवळ बोट नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"आजोबा, हातमोजा घाला."

"माझ्या पणजोबाने घातला होता का?" ते फिस्कारले आणि त्यांची नजर बंदुकीच्या पिवळ्या रंगावर गेली.

पाचव्यांदा नळी चौकटीबाहेर गेली. डोंगराची सावली ओढ्यावर आली. "जाऊ दे, धनुष्य द्या कुणाला तरी," वॉकीटॉकी बोलली. आजोबांनी बंदूक खाली ठेवलीच नाही. त्यांनी कडी ओढली. हॉब्ज वॉकीटॉकीत ओरडला, "थांबा, अजून एकदाच!"

सहाव्यांदा धूर सरळ वर गेला. "मिळाला," दिग्दर्शक म्हणाला आणि लोक सामान बांधायला लागले. तो शॉट सिनेमात ठेवतील की कापतील, ते कुणीच सांगितलं नाही.

मी आजोबांची मूठ उघडली. तळव्यावर भाजल्याचा पांढरा, रुंद पट्टा उठला होता. दवाखान्यात फोन लावून मी गवतातली टरफलं गोळा केली. आजोबांनी बहात्तर झाडलेली, एकाहत्तर सापडली. बहात्तरावं त्यांच्याच उजव्या हातात होतं. ते त्याचं बूड डोळ्यांजवळ धरून बघत होते.

"यावर किती ठोके?"

"एक. मधोमध."

"आणि तुझ्या त्या ओढ्याकाठच्या एकतिसांवर?"

"दोन."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर, आजोबा. मी मोजलेत."

त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता. रुग्णवाहिका यायला अजून चाळीस मिनिटं होती.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.