मागून येणारी पावलं

“चंद्रभानकाका, पिच्चर चालू झाला की आमच्या मागं कोण चालतंय?”

पैज मैत्रिणींची होती, जीभ मात्र मल्लम्माची. भाषणाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून नववीतल्या या पोरीचे पाय जमिनीला कमीच लागत. त्यातली एक मैत्रीण, पंचफुला, दाराशी उभी होती, पळायच्या तयारीत.

बोरी गावात हा प्रश्न सगळ्यांच्याच पोटात होता. मल्लम्माच्या वडिलांनी, बसप्पांनी, दुकानामागची कापसाची रिकामी खोली चंद्रभानला व्हिडिओवर पिच्चर दाखवायला दिली होती. त्यानं पुढं दोन अन् मागं दोन स्पीकर ठेवले. तेव्हापासून अंधारात पाठीमागं पावलं वाजत. माणसं वळून बघत, खिसे चाचपत. मागं कुणीच नसे. कुणी म्हणे माणूस लपवलाय, कुणी म्हणे खिसेकापूंशी संधान हाय. बसप्पांनी तर सोमवारपर्यंत खोली खाली करायला बजावलं होतं. त्यात परवा चंद्रभाननं मागच्या भिंतीला आपली पांघरायची जाड वाकळ टांगली, अन् गावाची खात्रीच पटली: वाकळेमागं भगदाड असणार.

मल्लम्मानं सरळ वाकळ उचलली. चुन्याचे पोपडे, एक पाल, अन् भिंत.

चंद्रभान रागावला नाही. त्यानं वाकळ उतरवली अन् तिला डोळे मिटायला सांगितलं. तिनं एकच मिटला. त्यानं टाळी वाजवली. टाळी एक, उत्तरं चार; आडात ओरडल्यावानी.

“उघड्या भिंती, वर पत्रा. आवाज आपटून माघारी येतो, म्हणून पिच्चरमधली पावलं कुठूनबी आल्यावानी वाटतात,” तो म्हणाला. “वाकळ आवाज पिते. पर माझ्याकडं एकच हाय.”

वाकळ पुन्हा टांगून त्यानं पावलांचा तुकडा लावला. या वेळी तिनं दोन्ही डोळे मिटले. पावलं डाव्या कानामागून आली, नेमकी स्पीकरच्या जागेवरून, अन् तिथंच थांबली. तरी तिनं एकदा वळून बघितलंच.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. आईला वाटलं, पोरीवर कायतरी भूल घातली. बसप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “भिंत बघितली म्हणून माणूस नाहीच असं ठरलं का गं?”

मल्लम्मानं ताट बाजूला सारलं.

“अप्पा, सोमवारी तुमी मागच्या रांगेत बसा, खिशावर हात ठेवून. मग खोलीचं ठरवा. आन् आई, माझ्या लग्नासाठी शिवून ठेवलेल्या पाची वाकळा मी उद्या तिथं टांगणार हाय.”