थ्रिमच्या सासूबाई

रविवारी दुपारी आम्ही रूडी पेल्टोच्या तळघरात खेळायला बसलो होतो. ऑर्व्हिल स्कॉगस्टाड गोष्ट रचायचा आणि त्यातल्या देव-राक्षसांची सोंगं काढायचा. रूडी आणि मी त्या गोष्टीतले वीर. रूडीचा वीर म्हणजे पोटापर्यंत दाढी असलेला बुटका योद्धा, आणि मी चोर.

ऑर्व्हिलची बायको मार्लिस हॉटडिशचं, म्हणजे बटाटे-मांस घालून भाजलेल्या जेवणाचं, भांडं द्यायला आली, तेवढ्यात बाहेर इतका बर्फ पडला की तिची गाडी रूडीच्या दारातच अडकली. "बस आता, तूही खेळ," मी म्हटलं.

खेळ कळायला सोपा होता. हिमदैत्यांचा देव थ्रिम याने गडगडाटाच्या देवाचा हातोडा पळवला होता आणि बायको मिळाल्याशिवाय तो परत देणार नव्हता. म्हणून आम्ही रूडीच्या बुटक्यालाच नवरीचा पोशाख चढवला. मार्लिसला नवरीची आई केलं. लग्नात शिरायचं, हातोडा हाती आला की थ्रिमला झोडपायचं, असा बेत.

ऑर्व्हिलने घसा खाकरून आवाज पार खोल नेला. "मी थ्रिम. आणा माझी नवरी."

"आणते," मार्लिस म्हणाली. "आधी सांग, घर गरम ठेवतोस का?"

"मी हिमदैत्यांचा देव आहे."

"म्हणजे नाही. माझी पोरगी गारठेल."

थ्रिमने नवरीकडे निरखून पाहिलं. "तिला दाढी आहे."

"मग? तुमच्याकडची थंडी ऐकून होतो आम्ही. मुद्दाम वाढवलीय."

थ्रिमला संशय येतो का, हे फाशावर ठरणार होतं. ऑर्व्हिलने वीस बाजूंचा फासा टाकला. एक पडला. याहून कमी पडतच नाही, म्हणजे थ्रिमला कसलाच संशय आला नाही. त्याने हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवला.

रूडी खुर्चीतून उठलाच. "आता हाणतो याला."

"खाली बस," मार्लिस म्हणाली. "जावयावर हात उचलायचा नाही."

"अगं, तेच तर ठरलं होतं."

"लग्नाआधी ठरलं होतं. आता लागलं लग्न. बिचारा एवढ्या मोठ्या महालात एकटा राहतो. जेवलास का रे?"

"नाही," थ्रिम म्हणाला. आवाज ऑर्व्हिलचा नेहमीचाच निघाला. लढाईचा नकाशा त्याने आठवडाभर खपून काढला होता, पण आता तो गुंडाळून ठेवला आणि हॉटडिश वाढून घेतलं. तोंड फुगवून का होईना, रूडीनेही घेतलं.

मार्लिस आता दर रविवारी येते. थ्रिम तिला सासूबाई म्हणतो आणि तिच्यासमोर कुणाचं गाव गोठवायला धजत नाही. रूडीचा बुटका अजून त्या बर्फाच्या महालातच आहे. परवा रूडीने घटस्फोटाचं काढलं.

"वर्षभर राहून तर बघ," मार्लिस म्हणाली आणि फासा माझ्याकडे सरकवला.