शटर ओढणारा पटर

मी गोल्फचा एक जुना पटर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मी फार मत्सरी आहे. पितळेच्या डोक्यात मत्सर कसा शिरला, हे तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलो आहे.

गोल्फच्या बॅगेत डझनभर काठ्या असतात. त्यांतल्या बाकीच्या चेंडूला आभाळात उडवतात आणि बघणारे लोक "वा!" म्हणतात. चेंडू होलच्या जवळ आला की मग मला बाहेर काढतात. मी त्याला हळूच ढकलतो. तो गवतावरून घरंगळत जातो आणि टपकन होलमध्ये पडतो. खेळाचा निकाल बहुतेक वेळा माझ्यापाशी लागतो, पण "वा!" मात्र त्या लांब काठ्यांच्या वाट्याला जातं. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली होती म्हणा ना.

माझा जन्म पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. कारखान्याच्या भिंतीला लागूनच नऊ होलचं सार्वजनिक गोल्फ मैदान होतं. तिथे कुणीही यावं, खिडकीतल्या बाईंकडून चिठ्ठी घ्यावी आणि खेळावं. त्यामुळे पोस्टमन, नर्सबाई, गवंडी, शाळेचे मुख्याध्यापक असे सगळे एकाच रांगेत उभे राहत. कारखान्यात लेथवर काम करणारा एक म्हातारा कारागीर संध्याकाळी तिथे खेळायचा. एका मोडक्या पंपाचं पितळ त्याने साहेबांना विचारून घेतलं आणि रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, मला घडवलं. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी त्याने मला गालाला लावून पाहिलं. कुठे खरखर लागते का, हे त्याला गालालाच कळायचं.

त्या कारागिराला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा बस चालवायचा. त्याचा आवाज इतका मोठा होता की डेपोत सगळे त्याला 'हॉर्न' म्हणत. वडील पटर बनवताहेत हे कळल्यापासून हॉर्न खुशीत होता. तो पटर आपल्यासाठीच आहे, अशी त्याची खात्री होती. पण मुलीचं लग्न झालं तेव्हा म्हाताऱ्याने मला जावयाच्या हातात दिलं.

"बाबा, आणि मी?" हॉर्नने हसत विचारलं. हसला, पण कान लाल झाले होते.

"तुझा हात स्टिअरिंगचा आहे रे," म्हातारा म्हणाला. "हा पटर हलका आहे. याला हलका हात लागतो."

जावई होता घड्याळजी. त्याचा हात खरोखरच हलका होता. तिळाएवढे स्क्रू तो चिमट्याने उचलायचा आणि श्वास न सोडता जागेवर बसवायचा. मलाही तो तसंच धरायचा. त्याच्या हातात असताना आपण काठी आहोत हे मी विसरून जायचो. आपण त्याचंच एक बोट आहोत असं वाटायचं.

दुकान गुरुवारी बंद असायचं. त्या सकाळी हॉर्न त्याला न्यायला यायचा आणि दोघे नऊ होल खेळायचे. खेळ संपला की घड्याळजी ज्या पिवळ्या मऊ कापडाने घड्याळांच्या काचा पुसायचा, त्याच कापडाने मला पुसायचा. मैदानाची वार्षिक स्पर्धा त्याने दोनदा जिंकली. दोन्ही वेळा हॉर्न एका फटक्याने हरला. दोन्ही वेळा हॉर्नने टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी उन्हात असूनही गार पडलो.

मी सुखी असायला हवं होतं ना? पण नाही! आमची बॅग दुकानाच्या कोपऱ्यात उभी असायची आणि तिथून मला सगळं दिसायचं. आठवड्यातले सहा दिवस घड्याळांचे होते, माझा एकच. बायकांची ती चिमुकली मनगटी घड्याळं तर माझ्या डोळ्यांत खुपायची. तो त्यांच्यावर तासन् तास वाकून बसायचा. एखादं टिकटिक करायला लागलं की लहान मुलासारखा हसायचा. मी कोपऱ्यात जळत राहायचो.

अशी वीस वर्षं गेली. म्हातारा कारागीर वारला. मग हळूहळू काहीतरी बिनसलं.

होलच्या तोंडाशी पोचलेले चेंडू बाजूने निसटू लागले. चेंडूमागे टेकलो की माझं डोकं थरथरायचं. मला वाटलं, आपणच म्हातारे झालो, आपली दांडी सैल झाली. दुकानात चिमुकली घड्याळं आली की तो म्हणू लागला, "याचा पार्ट मिळत नाही हो, दुसरीकडे बघा." सेल बदलणं आणि पट्टे लावणं एवढंच काम तो घेऊ लागला. मला वाटलं, आळशी झाला. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. घड्याळं कमी झाली, आता आपले दिवस आले!

आणि एका बुधवारी दुकानात तो आला.

तो म्हणजे नवा पटर. काळा, लांब, वजनदार. त्याची मूठ सायकलच्या हँडलपेक्षा जाड होती. घड्याळजीने त्याला दोन्ही हातांनी धरून तोलून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग मला बॅगेतून काढलं आणि माझ्या जागेवर त्याला ठेवलं. माझ्या जागेवर! वीस वर्षांत त्या खोबणीला माझा आकार आला होता.

एवढ्यावर भागलं नाही. घड्याळजी उंचीने कमी होता आणि दुकानाचं शटर ओढायला त्याच्याजवळ एक वाकडी सळई होती. त्या संध्याकाळी त्याने सळई बाजूला ठेवली, मला उचललं, शटरच्या कडीत माझी मान अडकवली आणि शटर खाली ओढलं. माझ्या पितळेवर पहिला ओरखडा उठला. दुसऱ्या दिवसापासून तेच माझं काम झालं. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. आणि गुरुवारी तो काळा पटर ऐटीत मैदानावर जायचा, परत येऊन पिवळ्या कापडाने अंग पुसून घ्यायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याची मूठ उसवावी, त्याची दांडी वाकावी, त्याच्या हातून एकही चेंडू होलमध्ये जाऊ नये, असं मी रोज मनात म्हणायचो.

पुढच्या वार्षिक स्पर्धेच्या सकाळी हॉर्न दुकानावर आला. घड्याळजी बॅग घेऊन बाहेर आला होता आणि माझ्या मानेने शटर ओढत होता. हॉर्न जागच्या जागी थांबला.

"भावोजी, हे काय आहे?"

"शटर ओढतोय."

"कशाने ओढताय ते विचारतोय मी! माझ्या बापाने अकरा दिवस उपाशी-अर्धपोटी राहून केलेली वस्तू आहे ती. मला दिली नाही, तुम्हाला दिली. वीस वर्षं मी तोंडातून शब्द काढला नाही. आणि तुम्ही तिने शटर ओढता?"

"हळू बोल. रस्ता आहे हा."

"रस्त्याला कळू दे!" हॉर्न डेपोतल्या आवाजात म्हणाला. त्याने मला घड्याळजीच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. "आज मी याने खेळणार. आणि तुम्हाला हरवणार."

घड्याळजीचं तोंड उतरलं. त्याने बॅग खांद्याला लावली. मी मात्र मनातून नाचत होतो. आज त्या काळ्याची जिरवायची!

हॉर्नचा हात जडच होता. पहिल्या होलवर त्याने मला असं हाणलं की चेंडू होल ओलांडून गवतात गेला. पण चौथ्या होलपर्यंत त्याला माझी सवय झाली. सहाव्यावर त्याने खेळण्याआधी माझ्या पितळेवरून अंगठा फिरवला आणि पुटपुटला, "काय गुळगुळीत केलंय म्हाताऱ्याने." त्यानंतर त्याचा हात एकदम मऊ झाला.

नवव्या होलवर दोघांची बरोबरी होती. खिडकीतल्या बाई खिडकी बंद करून बघायला आल्या होत्या. घड्याळजीचा चेंडू होलपासून पाच पावलांवर होता, आमचा तीन. गोल्फमध्ये ज्याचा चेंडू लांब तो आधी खेळतो, त्यामुळे आधी त्याची पाळी. हॉर्न होलमधला झेंडा काढून मला काखेत धरून अगदी समोर उभा राहिला.

'चुकू दे,' मी मनात म्हणालो. 'चुकू दे, चुकू दे.'

तेव्हा मला घड्याळजीचा उजवा हात दिसला. नवा पटर डाव्या हातात होता आणि उजवा हात मोकळा लोंबत होता. त्याचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरत होता, जणू तो एखाद्या न दिसणाऱ्या घड्याळाला चावी देतो आहे. त्याने तो हात झटकला, त्या जाड मुठीवर गच्च दाबून धरला, तेव्हा कुठे अंगठा जरा शांत झाला.

मित्रांनो, मी पितळेचा आहे, तरी वितळल्यासारखं झालं. माझी दांडी कधीच सैल झाली नव्हती.

त्याने चेंडू ढकलला. अगदी शेवटच्या क्षणी हात थरथरला आणि चेंडू होलला चाटून पुढे गेला. माझी इच्छा पुरी झाली होती. इतकी वाईट इच्छा माझी आजवर कधी पुरी झाली नव्हती.

हॉर्ननेही हात पाहिला होता. त्याचा तो प्रसिद्ध आवाज पार खाली आला.

"कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं होतील. चिडलो की जास्त हलतो. सकाळी तू..." घड्याळजी थांबला. "जाऊ दे. खेळ तू."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आणि हे बघ, मुद्दाम चुकवलंस तर उद्यापासून तुझं तोंड बघणार नाही."

हॉर्नने मला चेंडूमागे टेकवलं. मग त्याने चेंडू सरळ होलमध्ये घातला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्पर्धा जिंकला आणि त्याने हातसुद्धा वर केला नाही.

दोघे बाकावर बसले. "जुना पटर हलका," घड्याळजी सांगू लागला. "हात हलला की तोही हलतो. नवा जड आहे, जाड मुठीचा आहे, तो हाताला धरून ठेवतो. नाहीतर खेळच सुटला असता."

"मग शटर कशाला? सळई होती ना तुमच्याकडे?"

घड्याळजी खाली बघत म्हणाला, "शटर ओढायला हात हलला तरी चालतो. याच्याने खेळता येत नाही, म्हणून काय कपाटात टाकू? रोज दोनदा तरी हातात यावा, म्हणून."

मी ऐकलं. ज्याला मी वर्षभर पाणउतारा समजत होतो, तो त्याचा माझ्यावरचा जीव होता.

त्या दिवशी हॉर्न त्याला घरी घेऊन गेला आणि बहिणीसमोर बसवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "दोन वर्षं चहा अर्धा कप मागता. सांडू नये म्हणून मागता, हे मला कळत नाही का? तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते मी. उद्या दुकान बंद. डॉक्टरकडे जायचंय." एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता औषध चालू आहे. हात थांबलेला नाही, पण थोडा ऐकतो. घड्याळजीने मला हॉर्नलाच देऊन टाकलं. हॉर्न मला शर्टाच्या टोकाने पुसतो, तेही आठवण आली तर. गुरुवारी मी मैदानावर जातो, आणि तो काळा पटर पिवळ्या कापडाने पुसला जाताना पाहतो. खरं सांगू? अजून जळतो मी. मत्सर औषधाने जात नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगेनच. माझ्यासारख्याला कोरडं ठेवा, कधीतरी पॉलिश करा. पण कुणी एखादी आवडती वस्तू, आवडता खेळ अचानक बाजूला ठेवला, तर रागावण्याआधी त्या माणसाच्या हातांकडे बघा. आणि विचारा. आम्ही दोघांनीही, मी आणि हॉर्नने, फार उशिरा पाहिलं.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या होलवर घड्याळजीच्या हातून तो काळा पटर निसटला आणि दगडाच्या दिशेने पडू लागला. हॉर्नने मला पुढे करून त्याला वरच्यावर अडवलं. त्याच्या वजनाने मी खाली दबलो आणि दगडाचा मार माझ्या पितळेला बसला. चांगली खोक पडली. आणि काय सांगू, मला जराही वाईट वाटलं नाही.