निळं की लाल

मित्रांनो, हेन्डरसनच्या एका गॅरेजात, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी मी आडवी पडले आहे. मी काडतुसं भरायची जुनी प्रेस. नेमबाजीच्या क्लबात झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा वापरता येतात. त्या दाबून मापात आणायच्या, त्यांत नवी गोळी घट्ट बसवायची, ही कामं माझी. एका वेळी एकच पुंगळी आणि एकच काम. घाई मला कधी जमली नाही.

बिडाच्या ओतकामातून मी जन्मले. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने मला वर्षानुवर्षं वापरलं आणि हात थरथरायला लागले तेव्हा, २०११ साली, चारुदत्तच्या हवाली केलं. चारुदत्त मूळचा पुण्याचा, इथे परदेशात आयटीत. रविवारी तो दांडा ओढी आणि त्याची मुलगी इरावती पुंगळ्या पुसून पुढे करी. हात चालत, तशी तिची तोंडाची टकळीही चाले. शाळा, मैत्रिणी, नकोसं झालेलं गणित, सगळं ती अर्धं इंग्रजीत सांगे आणि तो मराठीत उत्तरं देई. डबा भरेपर्यंत दुपार सरे. मग पुढच्या शनिवारी दोघं नेमबाजीला रेंजवर जात. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

पुढे क्लबात कुणीतरी त्याच्या डोक्यात प्रोग्रेसिव्ह प्रेसचं खूळ भरलं. त्या यंत्रात ताटली फिरते, दांडा एकदा ओढला की सगळी कामं एकदम होतात आणि तयार काडतूस टपकन पडतं. दोन यंत्रं त्याच्या मनात भरली, एक निळं, एक लाल. निळं दणकट. लाल दुसऱ्या मापाच्या काडतुसांसाठी बदलायला सोपं. एवढंच ठरवायचं होतं, मित्रांनो! पण पुण्याचा माणूस चिकित्सेशिवाय साधी किसणी घेत नाही. व्हिडिओ झाले, क्लबातल्या प्रत्येकाचं मत घेऊन झालं, आणि दर वेळी गाडी पुन्हा मूळपदावर.

"मला बघायला आलास तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होतास," स्नेहलता, त्याची बायको, वैतागून म्हणाली.

"तेव्हा पर्याय नव्हते," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. मला दांडा असून हाणता आलं नाही, याचं दुःख अजून आहे.

नवं येणारच, मग जुन्यावर कशाला राबायचं, म्हणून त्याने मला हात लावणं सोडलं. काडतुसं संपली, रेंजवर जाणं बंद झालं. इरावतीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, नंतर ती शिकायला दूर ड्युनेडिनला जाणार होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी वन लास्ट टाइम रेंजवर जाऊ या?"

"नक्की जाऊ. आधी प्रेस ठरू दे."

२०१६च्या फेब्रुवारीत ती गेली. पुढच्याच आठवड्यात खोकं आलं. निळं. मला उखडून फळीवर टाकलं आणि तो एकटाच दांडा ओढत बसला. चहा निवायच्या आत डबा भरला. तो भरल्या डब्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तिला फोन लावला.

"इरा, निळं घेतलं शेवटी."

"स्वीट अॅज, बाबा, मस्तच. जुनी चक करून फेकली नाहीस ना?"

"फळीवर आहे. का गं?"

"ईस्टरला येतेय ना. तीच लाव. तिच्यावर काम करताना तू माझ्याशी बोलायचास."

"बरं," तो म्हणाला.

मित्रांनो, वस्तू जपा, एवढंच मला सांगायचं होतं. जुन्या वस्तूंपाशी माणसं बसतात, आणि ती उठून गेली की नवं यंत्र त्यांना परत आणत नाही. काल तो फडकं घेऊन माझ्यापाशी आला तेव्हा मला खरंच भरून आलं. सांध्यावर चढलेला गंज त्याने बोटाने चाचपला. मग मोबाइल काढला आणि गंजावर कुठलं तेल सर्वांत चांगलं, ते बघत बसला.

अरे, शिवणयंत्राचंही चालतं! ईस्टर तोंडावर आलाय. कुणीतरी सांगा रे त्याला.