तारप्याला पाठ नाय

दिपालीच्या राहीला अंगाई लागत नसे, तिला ‘दुधीवेल’ लागे. दुधीवेल म्हणजे टोकावड्याजवळच्या दिपालीच्या माहेरच्या पाड्यावरचं पथक. बुधूदादाचा भोपळ्याचा, फुंकून वाजवायचा तारपा, एक ढोल, बाकी नुसते गळे. त्यांचं जुनं गाणं मोबाइलवर लावलं की अडीच वर्षांची राही मांडीत निवायची. शहापूरला कॉलेजात असताना दिपालीने प्रकल्पही याच पथकावर केला होता. ‘आमच्या पाड्यावरची पोरं’ हे खर्डीला सासरी ती अजून मान वर करून सांगे.

म्हणून त्यांचं नवं गाणं आलं तेव्हा तिने ते लगेच लावलं. कीबोर्ड पुढे, खालून बास धडधडतोय आणि तारपा कुठे तरी मागे, शेजारच्या घरात वाजावा तसा. तिने ते राहीला चार वेळा ऐकवलं. पोरीने मान वळवली नाही. ही मोठी होईल तेव्हा तारपा ओळखेल तरी का, या विचाराने दिपालीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

भातकापणी उरकली आणि माहेरी शाळेच्या मैदानात पथकाचा कार्यक्रम ठरला. ती राहीला घेऊन गेली. मंचावर कीबोर्ड मांडणारा पथकातला नवा पोरगा दीपेश दिसताच ती आपल्या आईला, बाईजाला म्हणाली, “आये, हा सगळ्याची वाट लावणार बघ.”

“तुझ्या लग्नात डीजे होता ना गो?” बाईजा म्हणाली. “तवा नाय लागली ती वाट?”

बुधूदादा मधोमध उभा राहिला. दीपेशने कीबोर्ड फिरवून तारप्याकडे तोंड केलं. पाठ सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे.

निवेदक माइकवर म्हणाला, “कलाकारांनी समोर बघावं. प्रमुख पाहुणे बसलेत.”

“माफी असावी, साहेब,” दीपेश म्हणाला, “पण तारप्याला पाठ नाय दावत आमी. थांबा, खालीच येतो. रिंगण करू, मंग तुमालाबी तोंडं दिसतील.”

वायर पुरेल तिथवर पथकातल्या दोघांनी कीबोर्ड उचलून मैदानात आणला. बुधूदादाने खाली येऊन मधोमध उभं राहत तारप्यात फुंकर मारली. त्याचा सूर ऐकून दीपेशने आपला सूर खाली आणला आणि मगच बोटं चालवली. बुधूदादाने चाल बदलली की कीबोर्ड बदले. उलट एकदाही झालं नाही. एकमेकींच्या कमरेत हात घालून बाया उभ्या राहिल्या. बास तळपायातून वर चढत होता, पण वाट दाखवत होता तारपाच.

दिपालीला वाटलं, हे साऱ्या खर्डीला दाखवायला हवं. तिने राहीला आईजवळ सोडलं, मोबाइल उंच धरला आणि मागे पथक यावं म्हणून वळून उभी राहिली.

“कॉलेजवाली,” बाईजा शांतपणे म्हणाली, “तुझी पाठ कुठं हाय गो?”

दिपाली चटका बसल्यासारखी फिरली.

समोर राही आजीचा पदर धरून एकेक पाऊल आडवं टाकत होती. पुढे जायचं तर सरळ चालावं, पण नाही. तोंड बुधूदादाकडे, पाय बाजूला. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

दिपालीने मोबाइल पिशवीत टाकला आणि आईच्या कमरेत हात घातला.

“ही बारकी कुनाची?” पलीकडच्या बाईने नाचता नाचता विचारलं.

“आमची,” दिपाली म्हणाली. “दुधीवेलच्या पाड्यावरची.”