पोतं आणि काडी

सन एकोणीसशे अडुसष्ट. त्या वर्षी बिस्किटांच्या कारखान्यातून डबे हलके जाऊ लागले, आणि चोर कोण हे सगळ्यांनी मनात ठरवूनही टाकलं. पॅकिंगच्या दालनात लठ्ठ बाई एकच होती.

तिला तोंडावर ‘पोतं’ म्हणत. शेजारी बसून डबे भरणारी मैत्रीण तेवढी ‘अक्का’ म्हणे. त्या मैत्रिणीचं नाव ‘काडी’. नवरा टाकून गेलेला, घरी दोन लहान पोरं, अंगावर मूठभर मांस नाही.

एका सकाळी, डॉक्टरांनी मागवलंय असं सांगून, मुकादमाने सगळ्या बायकांची वजनं गोदामातल्या मोठ्या काट्यावर घेतली. अक्का चढली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “जपून गं, मैद्याबरोबर तुलाही भट्टीत घालतील.” दालन हसलं. काडीही हसली.

संध्याकाळी मुकादमाने दारात फक्त अक्काला अडवलं. “चढ परत. सकाळपेक्षा वजन जास्त भरलं, तर उद्यापासून येऊ नकोस.”

अक्काची कानशिलं तापली. घरात कमावणारी ती एकटीच होती. “सकाळी सगळ्यांना तोललंत ना? मग आत्ताही सगळ्यांना तोला. मी पहिली चढते.”

“चालेल,” मुकादम म्हणाला. “लावा रांग.”

अक्का चढली. दांडीवरचं वजन सरकत सरकत थांबलं. दिवसभर भट्टीलगतच्या दालनात घाम गाळून ती सकाळपेक्षा हलकीच भरली होती. मुकादमाचं तोंड वाकडं झालं. सुटले बाई, म्हणत अक्काने मागे पाहिलं.

मागे काडी उभी होती. दोन्ही हात एप्रनवर, पोटाशी घट्ट. चेहरा पांढराफटक.

अक्काला सगळं कळलं. रांग तिनेच लावायला लावली होती.

“उतर आता. पुढची कोण?”

उतरताना अक्काचा पाय घसरला, निदान तसं दिसलं. सावरायला तिने काट्याची दांडी धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. दांडी वाकली, पट्टी निखळून पडली.

“मोडला! पोत्याने काटा मोडला!” सगळे पोट धरून हसले. ज्या काट्यावर मैद्याची चार-चार पोती चढत, तो एका बाईने कसा मोडेल, हे एकालाही सुचलं नाही.

मुकादम हसला नाही. “बिघडलेल्या काट्याचं वजन मी धरत नाही. तू उद्यापासून घरी बस.”

रस्त्याच्या वळणावर काडीने तिला गाठलं. “अक्का, मी जाऊन खरं सांगते.”

“म्हणजे दोघी घरी बसू. पोरांना काय घालशील? पुन्हा हात लावू नकोस, झालं.” चार पावलं चालून अक्का थांबली. “बिस्किटांचं सोड. सकाळी तूसुद्धा हसलीस.”

काडीने पुन्हा एक बिस्कीटही उचललं नाही. डबे पुरे भरू लागले, तशी मुकादमाची खात्रीच पटली की चोर पोतंच होतं. निवृत्त होईपर्यंत तो हे रंगवून सांगे. अक्का इस्पितळाच्या धोबीखान्यात लागली आणि तिथेच म्हातारी झाली. काडीची दोन्ही पोरं शिकली. दर सुट्टीला अक्काच्या घरी पाणी भरून देत.

काडी मात्र उतारवयात औषधांनी सुजली, अक्काच्या दुप्पट झाली. दुकानात कुणी तिला बघून हसलं, की ती खाली मान घालून अक्काचा हात धरी.

“चल, काडी,” अक्का म्हणे. दुसऱ्या नावाने तिने तिला कधीच हाक मारली नाही.